शेवाळ काचेवर, धोका सांध्यात

घरातील मत्स्यपेटीच्या काचेवर शेवाळ येणे हा पेटीचा दोष नसून पाणी, उजेड आणि माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून सुटणारी नत्र-स्फुरदयुक्त द्रव्ये एकत्र आली म्हणजे घडणारी ती एक स्वाभाविक गोष्ट आहे. मुदखेडसारख्या गावात या तिन्हींची ददात नसते. फुलशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात जे ऊन फुलांना मानवते, तेच खिडकीशेजारच्या पेटीतील शेवाळालाही मानवते, आणि काळ्या पाषाणातून वर येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असल्यामुळे हिरव्या थराच्या जोडीला पाण्याच्या रेषेवर चुन्याचा पांढरा कडाही बसतो. हा थर काढणे अवघड नाही. तो काढताना पेटीचे चार उभे आणि चार आडवे सांधे शाबूत ठेवणे हे मात्र काम जाणून करण्याचे आहे, आणि पेट्या गळू लागतात त्या पुष्कळदा इथल्याच निष्काळजीपणाने.

पूर्वी मत्स्यपेट्या लोखंडी चौकटीत काचा बसवून आणि फटींत पुट्टी भरून तयार करीत असत. १९६०च्या दशकापासून सिलिकॉनचा वापर रुळला आणि चौकट मागे पडली. सिलिकॉन हा सिलिकन हे मूलद्रव्य व ऑक्सिजन यांच्या अणूंची लांबच लांब साखळी असलेला, रबरासारखा लवचिक पदार्थ असून तो काचेला घट्ट धरतो, कारण काच आणि तो यांचे रासायनिक गोत्र जवळचे आहे. पेटीच्या प्रत्येक सांध्यात तो दोन ठिकाणी असतो: दोन काचांच्या कडांमध्ये दाबलेला पातळ थर पेटीला उभी धरतो, तर आतल्या कोपऱ्यात बोटाने ओढलेली गोलसर पट्टी त्या थरापर्यंत पाणी पोहोचू देत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही पट्टी शोभेची वाटते, पण भार पेलणाऱ्या थराची ती ढाल आहे.

भार किती, हे हिशेबाने सांगता येते. पाण्याचा दाब खोलीनुसार वाढतो. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद पेटीत ४५ सेंटिमीटर पाणी भरले, म्हणजे सुमारे ८० लिटर, तर समोरच्या एकट्या काचेवर जवळजवळ ६० किलो वजनाइतका रेटा सतत बाहेरच्या बाजूस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा तळाकडच्या भागावर असतो. पाण्याची उंची दुप्पट केली तर हा रेटा चौपट होतो. म्हणून तळाजवळच्या पट्टीला गेलेली चीर वरच्या चिरेपेक्षा अधिक घातक ठरते, आणि नेमके तळाजवळच, वाळूच्या रेषेलगत, शेवाळ चिवटपणे धरलेले असते.

शेवाळाचेही प्रकार आहेत आणि हत्यार त्यानुसार निवडावे लागते. काचेवर धुरळ्यासारखा पसरणारा हिरवा थर ओल्या सुती फडक्याने किंवा साध्या स्पंजने निघतो. नव्या पेटीत दिसणारा तपकिरी थर डायअॅटम या सूक्ष्म जीवांचा असतो. त्यांचे कवच वाळूच्याच घटकाचे, पण पकड ढिली, म्हणून तोही सहज पुसला जातो. काचेला चिकटलेले गोल, कडक, हिरवे ठिपके मात्र फडक्याला दाद देत नाहीत आणि तिथे ब्लेड लागते. सपाट काचेवर स्वच्छ ब्लेड ओली ठेवून, तिरकी धरून, सरळ रेषेत ओढली तर ओरखडा पडत नाही. ओरखडा पडतो तो ब्लेड आणि काच यांच्यामध्ये अडकलेल्या वाळूच्या कणाने, कारण काठिण्याच्या मापनात काच साधारण ५.५ वर तर गारगोटीचा कण ७ वर असतो. चुंबकाच्या घासणीतही हेच घडते: ती तळाला टेकली, एखादा कण फडक्यात शिरला, आणि पुढे प्रत्येक फेरीगणिक काचेवर एक कायमची रेघ उमटली. घासणी वाळूपासून दोन बोटे वर थांबवावी, हा नियम त्यामुळेच.

कोपऱ्याजवळ नियम आणखी कडक होतो. ब्लेडची धार नव्हे, तिचे टोक सांध्याचा शत्रू आहे. ते पट्टीच्या कडेखाली शिरले की पट्टी काचेपासून केसभर सुटते, त्या फटीत शेवाळ आणि पाणी शिरते, आणि पुढच्या साफसफाईत तीच कड आणखी उचलली जाते. यासाठी ब्लेड सांध्यापासून बोटभर अंतरावर थांबवावी, ती नेहमी कोपऱ्याकडून काचेच्या मध्याकडे ओढावी, आणि उरलेल्या बोटभर पट्ट्यात मऊ टूथब्रश किंवा निकामी झालेले एटीएम कार्ड वापरावे. तारेची घासणी तर पेटीजवळही आणू नये. पट्टीच्या आत मुरलेला हिरवट किंवा काळपट डाग निघाला नाही, तर तो तसाच ठेवावा. त्याने पाणी गळत नाही, आणि तो घालवण्याच्या हट्टापायीच अनेक पट्ट्या खरवडल्या जातात.

साबण, भांडी घासायची पावडर, थिनर आणि रॉकेल हे चारही वर्ज्य आहेत. पहिले दोन माशांच्या कल्ल्यांना बाधतात. थिनर व रॉकेल यांसारखे द्रव सिलिकॉनमध्ये शिरून त्याला फुगवतात व मऊ करतात. चुन्याच्या कड्यासाठी पाणी थोडे उतरवून व्हिनेगरचे फडके काही मिनिटे दाबून धरावे आणि नंतर ती जागा साध्या पाण्याने पुसावी. व्हिनेगरची सिलिकॉनला बाधा होत नाही. नळीतून ताजे सिलिकॉन बाहेर पडताना येणारा आंबूस वास व्हिनेगरमधल्याच आम्लाचा असतो.

अॅक्रिलिकच्या पेटीला यातले निम्मे नियम लागू होत नाहीत. हे पारदर्शक प्लॅस्टिक काचेपेक्षा कितीतरी मऊ असल्यामुळे त्यावर लोखंडी ब्लेड चालवताच येत नाही.

शेवाळ खाणारा म्हणून दुकानांतून विकला जाणारा सकर मासा हाही खरा उपाय नव्हे. कडक ठिपके त्याला निघत नाहीत, तो फूटभराहून मोठा होतो, आणि पेटीत मावेनासा झाला म्हणून बाहेरच्या पाण्यात सोडला की तिथे तोच फोफावतो, हे उजनी जलाशयातील मच्छीमारांच्या जाळ्यांत दिसले आहे. म्हणून गोदावरीतही तो सोडू नये. त्यापेक्षा पेटी उन्हातून हलवणे, दिवा सहा ते आठ तासच लावणे आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे अधिक उपयोगी पडते.

एवढे करूनही पट्टी सुटलीच, तर वरून नव्या सिलिकॉनचा थर देऊन भागत नाही, कारण घट्ट झालेल्या जुन्या सिलिकॉनला नवे नीट चिकटत नाही. पेटी रिकामी करून आतली जुनी पट्टी सगळ्या कडांवरून पूर्ण कापून काढावी लागते. नवे सिलिकॉन न्हाणीघरासाठीचे नसावे, त्यात बुरशीनाशक असते. शिवाय कोणतेही सिलिकॉन वाळून नव्हे, तर हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते, त्यामुळे मुदखेडच्या एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत उन्हात ठेवलेली पेटी लवकर तयार होईल हा अंदाज चुकतो. किमान दोन दिवस, आणि आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत, पेटीत पाणी भरू नये. तोपर्यंत मासे बादलीतच राहतात.