‘पिंजरा’तील झगमगाट

१९७२ च्या जूनमध्ये डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाने लाल रंगवलेले केस, रंगभूषित चेहरा आणि डोळे दिपवणारा पेहराव अशा थाटात ‘झिगी स्टारडस्ट’ नामक एका कल्पित गायकाचे सोंग घेतले, त्या गायकाचा उत्कर्ष आणि विनाश एकाच तबकडीत गुंफला, आणि ती तबकडी ग्लॅम रॉक या संगीतप्रकाराचा मानदंड ठरली. त्या सोंगाशी काडीचाही संबंध नसलेला, परंतु झगमगाट आणि अधःपात यांचीच कथा सांगणारा ‘पिंजरा’ हा चित्रपट त्याच वर्षी मराठीत आला. आणि त्याच्या गीतांकडे आज पुन्हा लक्ष वेधावेसे वाटते ते मुख्यतः कोल्हापूरच्या अभिमानाने.

दिग्दर्शक व्ही. शांताराम जन्माने कोल्हापूरचे, आणि १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीचा पाया घातला गेला तोही याच शहरात. कथा अनंत माने यांची; तिचे मूळ हाइनरिश मान यांच्या जर्मन कादंबरीत व तीवरून १९३० साली निघालेल्या ‘द ब्लू एंजल’ चित्रपटात सापडते. संवाद पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे, संगीत राम कदमांचे, आणि गीते जगदीश खेबुडकरांची.

खेबुडकरांचा जन्म १९३२ सालचा, कोल्हापूर जिल्ह्यातील हळदीचा, आणि पेशा शिक्षकाचा. ज्याने हयातीतली कैक वर्षे वर्गातील फळ्यापुढे काढली, गावात मास्तराला मिळणारा मान आणि त्या मानाचे ओझे ज्याला आतून ठाऊक होते, त्यानेच तमासगिरिणीच्या नादाने सर्वस्व गमावणाऱ्या गुरुजींची गाणी लिहावीत, हा योग मला विलक्षण वाटतो. त्या गुरुजींविषयी या गीतांत कुठेही कुचेष्टा नाही, याचे रहस्यही बहुधा इथेच असावे.

तमाशाच्या फडात गण, गौळण, बतावणी, लावणी आणि वग असा शिरस्ता असतो. ‘पिंजरा’त त्यातली गौळण आहे, शृंगाराची लावणी आहे, आणि पश्चात्तापाने पोळलेले करुण गीतही आहे. राम कदमांनी ढोलकीला निव्वळ साथीची पायरी दिलेली नाही: तिची एक पुडी खणखणते, दुसरी घुमते, त्या दोहोंच्या मधून तुणतुण्याची एकुलती तार स्वर आणि लय दोन्ही सांभाळत राहते, आणि उषा मंगेशकरांचा धारदार, किंचित अनुनासिक आवाज ओळीचे टोक अशा ठसक्याने तोडतो की पुढची थाप जणू त्या तोडण्याचीच वाट पाहत होती. चांगल्या ध्वनिवर्धकावर, मन लावून ऐकावे. पायांतील चाळांचा नादसुद्धा तालाच्या हिशेबातच बसवलेला जाणवतो.

तमासगिरीण रंगवणाऱ्या संध्याबाईंचा जरीचा शालू, कमरपट्टा आणि नखरा यांना केवळ शोभा समजणे हा अन्याय होईल. डॉ. श्रीराम लागूंचे गुरुजी ज्या तेजाने दिपतात, तेच तेज पुढे त्यांचे नाव, घर आणि गाव हिरावून घेते. अखेरीस स्वतःच्याच खुनाचा आरोप शिरावर घेऊन ते न्यायासनासमोर उभे राहतात, आणि ज्याच्या खुनाची फिर्याद चालू असते त्या सत्पुरुषाची प्रतिमा गावात डागाळू नये म्हणून मौन पत्करतात.

बोवीसारख्या पुरुषाने चेहरा रंगवला म्हणून तिकडे तेव्हा केवढा गहजब झाला! आपल्या फडात मात्र नाच्याचे, म्हणजे बायकी हावभाव करणाऱ्या पुरुषाचे, पात्र पिढीजात आहे. तथापि ते पात्र कित्येक चित्रपटांत जिवंत करणारे कोल्हापूरचे गणपत पाटील यांना प्रेक्षकांनी पडद्याबाहेरही त्याच नजरेने पाहिले, त्यांच्या घरच्यांनीही त्याची झळ सोसली, आणि सोंग व माणूस यांतील भेद न ओळखणाऱ्या आपल्या रसिकतेवरील हा डाग मला फार सलतो.

वरातीत आणि गणेशोत्सवाच्या मांडवात ‘पिंजरा’तील ठसकेबाज गाणी तेवढी सुटी वाजतात, करुण गीत कुणी लावत नाही. माझा आग्रह असा की, ती चित्रपटातील क्रमाने, एका बैठकीत ऐकावीत, म्हणजे सुरुवातीच्या लावणीतला उल्हास कोणत्या किमतीचा होता ते त्या शेवटच्या गीतात कळते.