तरणे, बुडणे आणि वाहून जाणे

26 जुलै 2019 च्या सायंकाळी मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान अडकून पडली. उल्हास नदी पात्र सोडून रुळांवर आली होती. दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा गाडीच्या दोन्ही अंगांस पाणीच पाणी आणि आत सुमारे 1050 उतारू, अशी अवस्था होती. रेल्वेने उतारूंना कळकळीने बजावले की, कोणीही गाडीतून खाली उतरू नये. पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या व नौदलाच्या जवानांनी हवा भरलेल्या रबरी होड्या आणल्या, आणि त्या दिवशी सारे उतारू सुखरूप कोरड्या जमिनीवर पोहोचले.

या प्रसंगातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शेकडो टन वजनाची गाडी जागची हलली नाही. माणसांनी भरलेली होडी त्याच पाण्यावर सहज तरंगली. आणि एखादा धट्टाकट्टा मनुष्य त्या पाण्यात उतरता, तर त्याचे पाय ठरले नसते. पृथ्वी तर तिघांनाही सारखीच खाली ओढीत होती. मग निकाल तीन तऱ्हांचे का?

तरंगणारी वस्तू गुरुत्वाकर्षणाला चुकविते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तिला वर लोटणारे बल गुरुत्वाकर्षणापासूनच उपजते. पाणी स्वतः जड आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलोंचा भार. वरच्या थरांचे ओझे खालच्या थरांवर पडते, म्हणून जितके खोल जावे तितका दाब अधिक. बुडालेल्या वस्तूच्या माथ्यावर दाब कमी आणि तळावर जास्त. हा फरकच तिला वर ढकलतो. शास्त्रकार यास प्लावक बल म्हणतात. वस्तूने जेवढे पाणी बाजूस सारले असेल, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके हे बल असते, हा आर्किमिडीजचा बावीस शतकांपूर्वीचा शोध. तराजूचे जड पारडे खाली गेले की हलके वर येते. हलक्या पारड्याने पृथ्वीविरुद्ध बंड केले, असे कोणी म्हणत नाही!

याचा पडताळा पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकात येतो. तेथे सर्व वस्तू एकत्रच पडत असल्यामुळे पाण्यास वजन जाणवत नाही. आणि पाण्यात सोडलेला हवेचा बुडबुडा वर न येता आहे तेथेच राहतो. वजन गेले, तशी वर जाण्याची क्रियाही गेली.

हवेचेही असेच. घनमीटरभर हवेचे वजन सव्वा किलोच्या आत असल्यामुळे तिची उचल अल्प, परंतु हेलियम भरलेल्या फुग्यास ती पुरते. हेलिकॉप्टरची गोष्ट मात्र निराळी. ते हवेत तरंगत नाही, पात्यांनी हवा खाली रेटून स्वतःस वर उचलून धरते, आणि पाती थांबली की तो आधार संपला.

आता होडीकडे वळावे. होडी, इंजिन आणि दहा माणसे मिळून आठशे किलो धरले, तर आठशे लिटर पाणी सारताच तोल साधतो. रुंद तळाची होडी त्यासाठी थोडीच बुडावी लागते. रेल्वेच्या एका डब्याचे वजन चाळीस टनांच्या घरात असते. पाण्यात बुडालेली असतात ती चाके व खालचा सांगाडा. त्यांनी सारलेले पाणी अगदीच थोडे, म्हणून डब्याचे बहुतेक वजन रुळांवरच राहते. न उतरण्याचा सल्ला योग्य होता तो याच कारणाने.

मनुष्याचा देह पाण्याइतकाच जड, किंबहुना किंचित हलका. साठ किलोंचा मनुष्य कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला की त्याच्या तळव्यांवर निम्माच भार उरतो. छातीपर्यंत पाणी आले की वीस किलोंच्या आसपास. पोहणाऱ्यास हा हलकेपणा सुखावह वाटतो. पुरात मात्र तोच घात करतो, कारण पायांची जमिनीवरील पकड त्या भारावरच अवलंबून असते. एकीकडे पकड ढिली होते आणि दुसरीकडे प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. नदीतील धोंड्यांचीही हीच गत. अंबरनाथच्या शिवालयास वापरलेल्या काळ्या पाषाणासारखा दगड पाण्यात बुडाला की त्याचे वजन सुमारे एकतृतीयांशाने घटते, आणि एरवी न हलणारे धोंडे पूर गडगडत नेतो.

सर्वांत फसवी वस्तू म्हणजे मोटार. पत्र्याची ती जड पेटी पाण्यात भक्कम राहील, असे आत बसलेल्यास वाटते. पण लहान मोटारीचे वजन हजार किलोंच्या आसपास, आणि तिच्या तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटरांहून अधिक. पाणी आत शिरण्यापूर्वी तळाच्या वर पंधरासोळा सेंटिमीटर चढले, की हजार लिटर पाणी सारले गेले! तळ जमिनीपासून वीतभर उंच धरला, तरी हे पाणी गुडघ्यापर्यंतही येत नाही. आणि चाके पुरती उचलली जाण्याच्या आधीच त्यांची पकड सुटते. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून वाहणारी वालधुनी पावसाळ्यात फुगते, तेव्हा तिच्या काठच्या रस्त्यावर किंवा उल्हासच्या एखाद्या ठेंगण्या पुलावर पाणी वाहत असल्यास मोटार अलीकडेच थांबवावी. पाणी ओसरण्यास काही तास लागतील, तेवढे लागू द्यावेत.