शेतीशाळेच्या हजेरीपटावर आपले नाव हवे

शेतीशाळा हा शब्द आता खेड्यातल्या बहुतेक घरांच्या कानावर पडलेला आहे. कृषी खात्याचा माणूस येतो, चावडीवर निरोप देतो की अमुक दिवशी अमक्याच्या शेतात जमायचे. पंचवीस-तीस माणसे जमतात, माहिती सांगितली जाते, फोटो निघतो, नोंदवहीत सह्या होतात. त्या सह्यांमध्ये आपल्या बौद्धवाड्यातल्या किती आणि त्यांतही बायांच्या किती, हे प्रत्येक गावाने एकदा मोजून पाहावे. आकडा हाताच्या बोटांवर मावला तर नवल वाटू नये.

शेतीशाळा ही मुळात फार चांगली गोष्ट आहे, हे आधी सांगितले पाहिजे. तिचा जन्म इंडोनेशियातला. तिथे भातावर इतकी औषधे मारली गेली की किडीला खाणारे मित्रकीटक मेले आणि तपकिरी तुडतुडे बेसुमार वाढले. १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि १९८९ पासून जावा बेटावर शेतकऱ्यांच्या शाळा शेतातच भरू लागल्या. फळा नाही, बाक नाही. हंगामभर एकाच शेतात दर आठ-पंधरा दिवसांनी जायचे, झाडाची पाने उलटून किडी मोजायच्या, त्यांचे शत्रू मोजायचे, मोठ्या कागदावर झाडाचे चित्र काढायचे आणि फवारायचे की नाही हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे. दुकानदार सांगतो म्हणून बाटली उचलायची नाही.

हेच पुढे आपल्याकडे आले. कापूस, सोयाबीन, तूर, भात अशा पिकांसाठी महाराष्ट्रात शेतीशाळा भरतात. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो गावांत त्यांच्यावर भर दिला गेला. ज्याने नीट शिकून घेतले त्याला एवढे कळते की कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले तरच गुलाबी बोंडअळीचा धोका समजायचा. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्यात, गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा टाकावा, पाणी घालून शंभर लिटर करावे, म्हणजे पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क होतो. त्याला खर्च जवळजवळ नाहीच. निंबोळ्या वेचायला मात्र आपल्या बायाच जातात!

येथेच आमचे म्हणणे सुरू होते. निरोप जातो तो बहुधा सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला. कपाशी टोकणार कोण? खुरपणार, वेचणार कोण? शेण-कचरा उकिरड्यावर नेणार कोण? पाठीवर पंप घेऊन फवारणार कोण? त्यांतले निम्मे लोक शाळेत नसतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे मजूर होते. औषध किती घ्यावे, वाऱ्याच्या कोणत्या अंगाला उभे राहावे, दोन औषधे एकत्र करावीत की नाही, हे ज्याच्या जिवाशी निगडित त्यालाच ते सांगायला नको काय? मालक शिकला आणि मजूर तसाच राहिला तर त्या शिक्षणाचा शेतात उपयोग निम्माच झाला.

दुसरी अडचण रोजाची. मजुरी करणारी बाई शेतीशाळेला दोन तास बसली तर तिचा अर्धा दिवस मोडतो. भर दुपारी शाळा ठेवायची आणि मग बाया येत नाहीत म्हणून लिहून टाकायचे, हा प्रकार बंद झाला पाहिजे. सकाळी लवकर किंवा काम सुटल्यावर शाळा भरवता येते. विहाराच्या पटांगणात सुरुवात करून मग शेतात जाता येते. मागणी केल्याशिवाय हे कुणी करणार नाही.

काही वाचक म्हणतील, आपल्याकडे जमीन कुठे आहे? थोडी आहे आणि ती फार मोठ्या किमतीने मिळालेली आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतने खालसा झाली, नजराणा भरून काहींच्या वतनी जमिनी राहिल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसे तुरुंगात गेली, कडेवरची मुले घेऊन आयाबहिणी गेल्या. पुढे मराठवाड्यात अ‍ॅड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा प्रश्न धसास लावला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ साली झाला. तरीही कित्येकांच्या कागदावर नाव चढले नाही आणि २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानातल्या घरांवर आणि शेतांवर पुन्हा टांगती तलवार आली.

ही जमीन कसली असते हे कसणाऱ्यांना ठाऊक आहे. गावाने जी कधी नांगरली नाही, जिथे ढोरे चरली, ती मुरमाड, उताराची, हलकी जमीन. पहिल्या मोठ्या पावसात वरची माती ओढ्याला जाते. दोन वर्षे पीक आले नाही की माणूस कंटाळून मुंबई-पुण्याची वाट धरतो किंवा ऊसतोडीच्या उचलीला अंगठा देतो. जमीन पडीक दिसली की गावाची नजर तिच्यावर जाते. म्हणून मातीचे शिक्षण हा आमच्या मते निव्वळ शेतकीचा विषय नाही, हातातली जमीन हातात राहण्याचा विषय आहे.

बाबासाहेबांनी १९१८ साली हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींवर प्रबंध लिहिला. शेत लहान म्हणूनच ते तोट्याचे, हे त्यांनी मान्य केले नाही. शेताला भांडवल, अवजारे आणि श्रम यांची योग्य जोड मिळते की नाही यावर त्याचा नफा-तोटा ठरतो, असे त्यांनी दाखवले. दोन एकर मुरमाड जमिनीला आज कोणती जोड देता येईल? ट्रॅक्टर देता येणार नाही. बांध देता येईल, आणि काडीकचरा देता येईल.

काडीकचरा म्हटला की कापूस पट्ट्यात पऱ्हाटी आली. मराठवाड्यातली माणसे पळाटी म्हणतात. एकरभर कपाशीतून सुमारे टनभर निघते. शेतीशाळेत सांगतात की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावा, कारण राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात पुन्हा निघते. सांगणे खरे आहे. पण ऐकणाऱ्या बाईच्या मनात काय येते? पऱ्हाटी म्हणजे तिचे वर्षाचे सरपण. गॅसची टाकी भरायला पैसे नसले की तीच भाकरी भाजते. हे ओळखल्याशिवाय नुसते “नष्ट करा” म्हणणारा प्रशिक्षक अर्धे काम करून जातो.

यातून मार्ग आहे. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चरायला सोडाव्यात, त्या राहिलेली बोंडे आणि पाला फस्त करतात. मग पऱ्हाटी उपटून तिच्यावरची कवडी बोंडे झोडून वेगळी करावीत आणि जाळावीत. चुलीला लागेल तेवढीच पऱ्हाटी घराशी आणावी, शेताच्या बांधावर गंज रचू नये आणि पावसाळ्याआधी ती संपवावी. उरलेली कुट्टी करून खतात घालावी. कुट्टीचे यंत्र एकट्याने घेणे परवडत नाही. बचत गटाने भाड्याने आणले तर दोन दिवसांत वाड्याचे काम उरकते.

आता खत. आपल्या घरी ढोरे नाहीत, मग खत कशाचे करायचे, असे पुष्कळजण विचारतात. याचे उत्तर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधले, म्हणून त्यांच्या खताला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचे टाके, भिंतीत हवेसाठी भोके. त्यात काडीकचरा चौदा-पंधराशे किलो, चाळलेली माती सतरा-अठराशे किलो आणि शेण अवघे नव्वद-शंभर किलो. थरावर थर देऊन पाणी शिंपडायचे, वरून शेणमातीने लिंपायचे, तडे गेले की बुजवायचे. तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत तयार होते. विटा नसतील तर तुराट्यांच्या किंवा बांबूच्या ताट्या उभ्या करूनही भागते. शंभर किलो शेण शेजाऱ्याकडून आणता येते. खरी मेहनत पाणी आणि लिंपण यांची आहे, तिथे आळस केला तर टाक्यात नुसता वाळका कचराच राहतो.

उसाच्या भागातल्या वाचकांसाठी थोडे. पाचट पेटवून देण्याची खोड अजून गेलेली नाही. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत पसरून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकले की ते शेतातच कुजते, ओलही टिकते.

शेणमातीचे नाव काढले की आपल्या वाड्यात काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते समजण्यासारखे आहे. गावाने आपल्या वाडवडिलांवर मेलेली ढोरे ओढणे लादले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडा म्हणून सांगितले आणि समाजाने सोडले. पण लादलेली घाण उचलणे वेगळे आणि स्वतःच्या शेतासाठी स्वतःचे खत करणे वेगळे. त्यातच हल्ली सेंद्रिय शेतीच्या नावाखाली गोमूत्राची आरती ओवाळणारे काही प्रशिक्षक येतात. आमचे त्यांना एवढेच सांगणे की मातीतले जिवाणू गायीची जात विचारत नाहीत. म्हशीचे शेण चालते. शेळीच्या लेंडीत तर नत्र शेणखताहून जास्त असते, आणि शेळी आपल्या दारात असते. प्रशिक्षणातले शास्त्र घ्यावे, पोथी परत करावी.

टाकाऊ काही नसते ही शिकवण आपल्याला परकी नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात कथा आहे. उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे चीवरे दान केली. राजाने रागाने विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंदांनी सांगितले की ज्यांची जुनी झाली त्यांना देऊ. मग जुन्यांचे काय? अंथरुणावर घालू. जुन्या अंथरुणांचे? जमिनीवर पसरू, मग पायपुसणी करू, मग झाडणी करू, आणि शेवटी चिंध्या कुटून चिखलात मिसळून त्याने जमीन सारवू. राजा निरुत्तर झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. वर्षावासात ग्रंथवाचन चालते तेव्हा शेतकरी उपासकांना ही कथा जरूर सांगावी.

आपल्यासारख्याच माणसांनी हे करून दाखवल्याचे उदाहरण सीमेपलीकडे आहे. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत तेलंगणातले झहीराबाद लागते. त्या टापूत १९८३ पासून डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साथीने गावोगाव बायांचे संघम उभे राहिले. बहुतेक सदस्य दलित, बहुतेक निरक्षर, जमीन आपल्या गायरानासारखीच हलकी. त्यांनी पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, बांध घातले, शेणखत-कचराखत दिले आणि एकाच शेतात ज्वारी, राळा, तूर, मूग अशी कित्येक पिके मिसळून घेतली. बियाणे राखेत आणि लिंबाच्या पाल्यात घरीच राखले. पिकलेले धान्य गावच्या कोठारात ठेवून गरिबांना स्वस्तात दिले. २००८ साली त्यांनी स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले, त्यावर शेतीचे बोलणाऱ्या त्याच. तिथे शिकवणारी बाई आणि शिकणारी बाई एकाच वाड्यातली असते. आम्हांला सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच वाटते. आपल्या मराठवाड्यातही स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने बायांनी घरच्यांकडून एक एकर मागून घेतला आणि त्यात आधी घरच्या खाण्याचे पिकवले.

आता करायचे काय ते सांगतो. पिके निघाल्यावर उन्हाळ्यात मातीचा नमुना घ्यावा. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडावी, सगळी मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, असे करत अर्धा किलो उरू द्यावी. झाडाखालची, बांधालगतची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये आणि खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नये, नाहीतर अहवाल खोटा येतो. अहवालात सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी पाहावा. तो ०.४० टक्क्यांच्या खाली असला तर माती उपाशी आहे असे समजावे आणि खताच्या टाक्याला लागावे.

आणि १ मेच्या ग्रामसभेला जावे. पंधरा-वीस कसणाऱ्या आणि मजुरी करणाऱ्या बायापुरुषांची यादी करून खरीपाची एक शेतीशाळा आपल्या वाड्यातल्या शेतावर, सकाळच्या वेळी भरवावी असा लेखी अर्ज ग्रामपंचायतीला आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्यावा. सातबारा नसलेल्यांची, फवारणीचे काम करणाऱ्यांची नावे त्यात मुद्दाम घालावीत. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रालाही एक प्रत पाठवावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती जपून ठेवावी, जून उजाडला तरी कुणी आले नाही तर तीच घेऊन पुन्हा जायचे आहे.