कृष्णफळाचा वेल फुलतो, पण फळ का धरत नाही?



मागच्या वर्षी पावसाळ्यात परसबागेसाठी मी तुमच्यापैकी 14 जणींना पिवळ्या कृष्णफळाची, म्हणजे पॅशन फ्रूटची रोपं दिली होती. वेल मांडवावर चढला, यंदा फुलंही भरपूर आली, दाराला शोभा आली. फळ मात्र कुणाकडेच नाही. बैठकीत एक काकू म्हणाल्या, "मॅडम, वेल वांझ निघाला." (हा शब्द मला बाईसाठी आवडत नाही, वेलासाठीही नाही.) कोणी युरिया टाकला, त्याने नुसता पाला वाढला. तिघींनी तर वेल तोडूनच टाकला.

चूक तुमची नव्हती, वेलाचीही नव्हती. माझी होती. ती सगळी रोपं मी एकाच वेलाच्या फांद्या लावून केली होती. पिवळ्या कृष्णफळाला स्वतःचे पराग चालत नाहीत, दुसऱ्या वेलाचे लागतात. आणि फांदीपासून केलेलं रोप म्हणजे तोच वेल. घरं 14, पण वेल एकच! जांभळ्या फळाच्या जातीला स्वतःचे पराग चालतात, पण तिला कोडगू, नागालँड, मणिपूरसारखी थंड डोंगराळ हवा मानवते. आपल्या उन्हात पिवळीच बरी.

आता फूल नीट बघा. आपल्या कृष्णकमळाच्याच कुळातलं आहे. लहानपणी आजीने सांगितलं असेल, बाहेरच्या बारीक तंतूंची झालर म्हणजे शंभर कौरव, आत पाच पांडव, वर ब्रह्मा-विष्णू-महेश. मधल्या हिरव्या गोळ्याला कोणी द्रौपदी म्हणतं, कोणी कृष्ण. हीच गोष्ट इथे कामाला येते. पाच पांडव म्हणजे नर भाग, त्यांच्या खालच्या बाजूला पिवळी पूड असते, तेच पराग. वरचे तिघे मादी भाग. आणि मधला गोळा, त्याचंच पुढे फळ होतं.

शेजारच्या गावात एका ताईंच्या सासऱ्यांनी बियांपासून वाढवलेला वेल आहे. तिथली ताजी फुलं डब्यात घालून आम्ही दुपारी दोन घरी नेली. पांडवांवरची पूड बोटाने उचलून आपल्या फुलातल्या तिघांच्या टोकांना हलकेच लावली. बस, एवढंच. तीन-चार दिवसांत गोळा फुगायला लागला. ज्या फुलांना हात लावला नव्हता, ती गळून पडली.

पिवळ्याचं फूल दुपारी बाराच्या आसपास उमलतं आणि रात्री मिटतं, पुन्हा उघडत नाही. त्यामुळे हे काम दुपारीच करायचं. उमलल्यावर तासाभराने वरचे तिघे खाली वाकतात, तेव्हा हात लावणं सोपं जातं. पावसाने पराग भिजले तर उपयोग नाही.

एरवी हे काम मोठा काळा भुंगा करतो. मधमाशी लहान पडते, तिचं अंग वरच्या तिघांना नीट लागतच नाही. भुंगा वाळक्या लाकडात, बांबूत घर करतो. म्हणून परसात एखादा जुना ओंडका राहू द्या आणि फुलं उमललेली असताना औषध फवारू नका.

बाकी निगा फार नाही. पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात. दीड फुटाचा खड्डा, शेणखत आणि भक्कम मांडव हवा. फळ नव्या फुटव्यावर येतं, म्हणून तोडा संपला की छाटणी करा. फुलापासून फळ पिकायला दोन-अडीच महिने लागतात. पिकलं की पिवळं होऊन आपोआप खाली पडतं, रोज सकाळी वेचायचं. साल सुरकुतली की जास्त गोड लागतं. गर गाळून सरबत होतं. कच्चं फळ मुलांना खाऊ देऊ नका आणि पाला शेळीला घालू नका, दोन्हीत विषारी घटक असतो.

ज्यांचा वेल उभा आहे त्यांनी तो तोडू नका, जोडीला फक्त बियांचं एक रोप लावा. त्या सासऱ्यांच्या वेलाची आणि बाजारातून आणलेल्या फळांची बी मी वेगवेगळ्या पिशव्यांत लावली आहे. रोपं वीतभर झाली की ग्रामसंघाच्या बैठकीत आणते. पहिली रोपं, वेल तोडलेल्या तिघींना, प्रत्येकी दोन, दोन वेगळ्या पिशव्यांतली.