आयुकाचे शनिवार

पुण्यात आधुनिक खगोलशास्त्राने दोनदा बिऱ्हाड थाटले. पहिले 1888 मध्ये, कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभी राहिलेली तख्तसिंगजी वेधशाळा प्रा. कावसजी नायगामवाला चालवत. तिथली 20 इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगामवालांनी जेऊरला तळ ठोकला होता. 1912 मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकॅनालला गेली. सारा डोलारा एका माणसावर उभा होता.

दुसरे बिऱ्हाड आयुकाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात हे केंद्र स्थापन केले, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष यशपाल होते आणि केंद्राची धुरा जयंत नारळीकरांकडे आली. केंद्राचे काम देशभरच्या विद्यापीठांतल्या संशोधकांना साहाय्य करण्याचे. शाळकरी मुलांना सभागृहात बसवण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केलेली नव्हती. तरीही महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळाशाळांतून मुले चंद्रशेखर सभागृहात येऊ लागली. व्याख्यान इंग्रजीत होई, तसेच मराठी-हिंदीतही. बोलणारे कामात बुडालेले संशोधक असत आणि बोलता बोलता प्रयोगही करून दाखवत.

चार्ल्स कोरिया यांनी आखलेली वास्तूही शिकवण्यात वाटेकरी आहे. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, आत फुकोचा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर या लंबकाच्या आंदोलनाचे प्रतल पूर्ण फिरायला सुमारे 75 तास लागतात. ध्रुवावर तेच एका दिवसात फिरते, विषुववृत्तावर फिरतच नाही. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत, ते एक टांगलेला गोळा सांगतो. हे फळ्यावर समजावणे अवघड, तिथे उभे राहून कळणे सोपे.

माझ्या मते या व्याख्यानांचा खरा कस प्रश्नोत्तरांत लागतो. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलाला नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर माझ्या सहीनिशी येईल. शिवाय ते स्वतः बहुमताबाहेरचे होते. विश्वाच्या उगमाच्या सिद्धान्ताला ‘बिग बँग’ हे नाव त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल यांनी 1949 मध्ये बीबीसीच्या रेडिओवर दिले, आणि हॉईल यांना तो सिद्धान्त मान्य नव्हता. नारळीकरांनाही शेवटपर्यंत नव्हता. मतभेद असूनही विज्ञान कसे चालते, याचा याहून चांगला वस्तुपाठ कोणता?

आकाशावर बोलायला उभे राहिले की साडेसातीचा आणि मंगळाचा प्रश्न आलाच. आयुकातून त्याचे उत्तर नुसत्या टिंगलीने दिले गेले नाही. 2008 मध्ये नारळीकर आणि सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला 40 धाडल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी यश 46 टक्के, म्हणजे नाणेफेकीइतकेही नाही.

पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून पुढे मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली. तिची इमारत ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतल्या ताऱ्याच्या नावाची. पुलंच्या वाचकाला ती कोटी समजावून सांगायला नको. अरविंद गुप्तांनी कचऱ्यातून खेळणी करायला शिकवले ते याच शोधिकेत.

नायगामवालांसारखेच नारळीकरही एक दिवस निवृत्त झाले, 2003 मध्ये. नंतर नरेश दधिच आले, मग अजित केंभावी, आणि शनिवार चालू राहिले. 20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. संस्थापक किती मोठा होता यापेक्षा त्याच्यामागे वेळापत्रक टिकले की नाही, यावर मी संस्था मोजतो. आयुका त्यात उत्तीर्ण झाली.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, तिची दारे सर्वांना खुली होतात. मुलांना जरूर न्या. प्रश्न मात्र त्यांनाच विचारू द्या. पालकांनी मागच्या रांगेत गप्प बसावे.