देवाचं तळं, कमळाचं बी

कमळाचा देठ मधोमध मोडून बघा. आत लांबच लांब पोकळ नळ्या दिसतात आणि दोन्ही तुकडे हळूच ओढले की मधे बारीक तंतू ताणले जातात. फक्त देठ फुलवाल्याकडून घ्या. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या तळ्यातला नको. तो गणपतीचा आहे.

गंमत त्या नळ्यांत आहे. तळ्याच्या गाळात प्राणवायू जवळपास नसतोच, आणि कमळाचा कंद तर तिथेच रुतलेला. मग तो जगतो कसा? ऊन लागलं की पानाच्या आत हवेचा दाब वाढतो, ती हवा देठातून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि फिरून बाहेर पडते. खान्देशातलं ऊन म्हणजे या पंपाला फुकटची वीज! माशांकडे मात्र अशी नळी नाही. पाण्यात टाकलेलं निर्माल्य कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि गुदमरतात ते मासे.

अशा पाण्याची, जमिनीची काळजी कोणी घ्यायची? कायद्याने याचं मोठं मजेशीर उत्तर दिलंय. देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा बजावलं की मालक म्हणून नाव देवाचंच लागेल, पुजारी केवळ व्यवस्थापक. शिवाय कायद्याच्या लेखी देव कायमचा अज्ञान! सातबाऱ्यावर लहान मुलाच्या जमिनीला 'अ.पा.क.' म्हणून पालनकर्त्याचं नाव लागतं, तसंच हे. फरक एवढाच की हे मूल कधीच सज्ञान होत नाही. म्हणून देवस्थान इनामाची जमीन कोणाला परस्पर विकता येत नाही. पण झाड तोडलं, पाणी नासलं, तर हा मालक तक्रार करायला तहसीलमध्ये जाणार थोडाच!

इतक्या लांब पल्ल्याच्या मालकाला शोभेल असंच कमळाचं बी असतं. देवळाबाहेर माळेत ओवलेला कमळगट्टा हातात घ्या: काळा, गुळगुळीत, दगडासारखा. त्याच्या कवचातून पाणी आत शिरत नाही. रुजवायचा तर आधी घासावा लागतो. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या मातीत सापडलेलं सुमारे 1300 वर्षांचं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं होतं.

म्हणून कुठल्याही देवाच्या तळ्याचा गाळ उपसायला ट्रॅक्टर लागला की मला एकच चौकशी करावीशी वाटते: ट्रॉली कुठे रिकामी करताय, भाऊ?