बारावीनंतर पंचवीस वर्षांनी पुन्हा गणित. सुरुवात कुठून करायची?

काटोल (वार्ताहर) : आमच्या पिढीतले कितीतरी जण बारावी सायन्स करून वावरात आले, ते तिकडेच राहिले. कोणाच्या घरी वडील आजारी पडले, कोणाच्या संत्र्याला भाव भेटला नाही. मीही त्यातलाच एक. आता डिग्री पुरी करावी म्हणतो, तीही गणित घेऊन. गावात हसणारे हसतात. पण गेल्या काही महिन्यांत जे कळलं, ते इतरांच्या कामी पडेल म्हणून लिहितो.

पहिले, प्रवेशाचं. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इग्नू या केंद्र सरकारच्या मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्र नागपुरात आहे. बीएस्सीसाठी बारावी सायन्स लागते, वयाची अट नाही. कोर्स तीन वर्षांचा, पण पुरा करायला सहा वर्षांपर्यंत मुभा असते. सोंगणी-वेचणीच्या दिवसांत अभ्यास मागं पडतोच, म्हणून ही मुभा आपल्यासाठी मोठी आहे. बारावीची मार्कशीट हरवली असेल तर राज्य मंडळाच्या नागपूर विभागीय कार्यालयातून दुय्यम प्रत काढता येते. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी नावाचे कागद आधीच जुळवून ठेवावे. फॉर्म स्वतः ऑनलाईन भरावा. ‘परीक्षा न देता डिग्री’ सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. माझे तसे काही हजार बुडाले आहेत.

आता खरी अडचण. तिथं पहिलाच गणिताचा पेपर कॅल्क्युलसचा आहे. मी थेट तेच पुस्तक उघडलं अन् दोन दिवसांत बंद केलं. वाटलं डोकं गंजलं. कॅल्क्युलस मला समजत होतं, चुका त्याच्या खालच्या पायरीवर होत होत्या. मी (अ + ब)² म्हणजे अ² + ब² लिहीत होतो! पुतणी दहावीत आहे, तिनं पकडलं. म्हणाली, “काका, आकडे टाकून पाहा ना.” ३ आणि ४ टाकले. बेरजेचा वर्ग ४९, अन् वर्गांची बेरीज २५. मधले २४ कुठं गेले? ते २अब, मी विसरलेले. लाज वाटली, पण ती चूक पुन्हा झाली नाही.

म्हणून खालून या. बालभारतीची आठवी ते बारावीची पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात. आठवीपासून अपूर्णांक, कंस, वजा-अधिक चिन्हं, मग दहावीचं बीजगणित. पाहू नका, सोडवा. व्हिडिओ पाहताना सगळं समजल्यासारखं वाटते, वही घेतली की हात थांबतो. हात चालू करायला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा खेळ करा. सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, मोठी संख्या करून त्यातून लहान वजा करा, पुन्हा तेच करत राहा. ३५२४ घेतले तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. कोणतेही घ्या, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते.

कॅल्क्युलसचं भ्याव मात्र विहिरीनं घालवलं. संध्याकाळी सहाला मोटर बंद केली तेव्हा पाणी ४ फूट होतं. सातला ७, आठला ९, नऊला १०. तीन तासांत ६ फूट, म्हणजे सरासरी तासाला २. पण बरोबर सात वाजता पाणी कोणत्या वेगानं चढत होतं? सहा ते सात पाहिलं तर ३, सात ते आठ पाहिलं तर २. मग सात ते सात दहा पाहा, सात ते सात एक पाहा. वेळ बारीक-बारीक करत गेलं की वेग ज्या एका आकड्याकडे सरकतो, तो डेरिव्हेटिव्ह. अन् क्षणाक्षणाचे वेग माहीत असतील तर एकूण किती फूट चढलं हे जोडून काढणं म्हणजे इंटिग्रेशन. कॉलेजात असताना हे मला कोणी असं सांगितलं नव्हतं, किंवा माझंच लक्ष नसेल.

अडचण इंग्रजीचीही आहे. मी वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी शब्द अन् समोर आपल्या भाषेत अर्थ लिहितो. स्वयम् या सरकारी संकेतस्थळावर प्राध्यापकांची लेक्चरं फुकट ऐकता येतात, पण पाया झाल्यावरच ऐका.

शेतीची लाईन आठवड्यातून काही दिवस रात्रीच असते. ओलीत करताना डीपीजवळ बसून एक-दोन गणितं होतात. सध्या अकरावीच्या त्रिकोणमितीवर अडकलो आहे. जानेवारीच्या प्रवेशाआधी ती संपवायची आहे.